सुईच्या आधीची पाच मिनिटे : रुग्णालयात नवजात बाळाच्या वेदना कशा कमी कराव्यात

सोलापुरातल्या कोणत्याही नवजात विभागाबाहेरच्या बाकड्यावर थोडा वेळ बसले, की ‘बाळ काचेत ठेवलंय’ हे वाक्य हमखास कानावर पडते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर आणि सीमेपलीकडच्या इंडी-विजयपूर भागातूनही बाळे येथे आणली जातात, आणि काचेच्या आत नेमके काय चालते याची बाहेर बसलेल्यांना फारशी कल्पना नसते. आत दिवसभरात बाळाच्या टाचेतून रक्त काढले जाते, सलाईनसाठी शीर शोधली जाते, नाकातून नळी घातली जाते, घशातला चिकटा ओढून घेतला जातो आणि चिकटपट्ट्या लावल्या-काढल्या जातात. यातले बहुतेक सगळे बाळाच्या भल्यासाठीच असते आणि त्यातले बरेचसे टाळताही येत नाही. मात्र ते करताना होणारी वेदना पुष्कळ कमी करता येते, आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी विभागातच, किंबहुना आईजवळच असतात.

नवजात विभागात परिचारिका म्हणून काम करताना माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. वेदनेचा बंदोबस्त सुई टोचण्याआधी करावा लागतो. बाळ रडू लागल्यावर जे केले जाते ते केवळ समजूत काढणे असते. म्हणून पुढचे सगळे विवेचन सुईच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांभोवती फिरणार आहे, आणि ज्यांच्या हातात सुई असते व ज्यांच्या मांडीवर बाळ असते अशा दोघांसाठी ते आहे.

बाळाला दुखते हे कशावरून ओळखावे

‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय’ असे म्हणणाऱ्या आज्जींना हसण्याचे कारण नाही, कारण १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतले डॉक्टरही तेच मानत होते. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांवर त्या काळी अत्यंत अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत असत; स्नायू सैल करणारे औषध दिलेले असल्यामुळे बाळ हलत नसे आणि हलत नाही म्हणजे दुखत नाही, असा समज करून घेतला जाई. भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत फेंटॅनिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर विचार बदलला. प्रत्यक्ष व्यवहार बदलायला मात्र अजून वेळ लागतो आहे. पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एका बाळाच्या वाट्याला दिवसाकाठी साधारण दहा वेदनादायक गोष्टी येत असल्याचे आणि त्यांतल्या सुमारे ७९ टक्के वेळा आधी वेदना कमी करण्याचा कोणताही खास उपाय केला गेला नसल्याचे आढळले.

कमी दिवसांच्या बाळाला तर जास्त दुखते. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी यंत्रणा गर्भाच्या साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होत आलेली असते, पण तो निरोप मंद करणारी, मेंदूकडून खाली येणारी यंत्रणा बरीच उशिरा परिपक्व होते. म्हणजे मोठ्या माणसाला दुखणे सोसण्यासाठी शरीराची जी आतली मदत मिळते, ती या बाळाला मिळत नाही.

ओळखण्यासाठी आधी चेहरा पाहावा. भुवयांच्या मधला भाग फुगून पुढे येतो, डोळे घट्ट मिटतात आणि नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते. भुकेच्या रडण्यात बाळ तोंड इकडेतिकडे वळवून काहीतरी शोधते. दुखण्याच्या रडण्यात चेहरा एकाच ठिकाणी आवळला जातो. आमच्या विभागात यासाठी एक साधी गुणपद्धत वापरली जाते. चेहरा, श्वास, हात, पाय आणि जागेपणा यांना प्रत्येकी शून्य किंवा एक, तर रडण्याला शून्य ते दोन, असे एकूण सातपैकी गुण द्यायचे. तीनपेक्षा जास्त झाले तर बाळाला दुखते आहे असे समजायचे. हे मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही.

रडण्यावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. बाराशे ग्रॅमचे, थकलेले बाळ सुई टोचल्यावर पुष्कळदा रडतच नाही. ते अंग सैल सोडते, रंग उतरतो, मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९५ वरून ८४ वर घसरतो आणि बोटे पंख्यासारखी फाकतात. ‘किती गुणी बाळ आहे, रडलंसुद्धा नाही’ असे कोणी कौतुकाने म्हणते तेव्हा त्या आकड्याकडे बोट दाखवावेसे वाटते.

आईला बाहेर पाठवू नये

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका रुग्णालयात, चार दिवसांच्या बाळाला सलाईन लावताना मी त्याच्या आईला ‘तुम्हाला बघवणार नाही, बाहेर थांबा’ असे सांगून दाराबाहेर काढले होते. शीर सापडेना. मी पाच वेळा टोचले. दाराच्या काचेतून ती सगळे पाहत होती आणि तिच्या झंपरवर दुधाचे दोन ओले डाग उमटले होते. त्या बाळासाठी त्या क्षणी विभागात असलेले सगळ्यात चांगले वेदनाशामक मी स्वतःच्या हाताने दाराबाहेर उभे केले होते, हे मला फार नंतर कळले.

अंगावर पाजणे हा पूर्ण दिवसांच्या बाळासाठी पहिला उपाय आहे. चव, वास, आईच्या कातडीची ऊब, चोखण्याची लय आणि कुशीतली घट्ट पकड ही सगळी एकाच वेळी काम करतात. मात्र बाळाने नुसते तोंड लावले म्हणजे झाले, असे नसते. सुईच्या किमान पाच मिनिटे आधी बाळाला छातीला लावावे. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड मोठे उघडलेले आणि गिळल्याचा आवाज येतो आहे, याची खात्री करावी. मग पायाकडचे दुपटे हळूच बाजूला करून टाच किंवा मांडी मोकळी करावी आणि बाळ चोखत असतानाच काम उरकावे. सुई निघाल्यावरही लगेच बाळ काढून घेऊ नये. निदान दोन-चार मिनिटे पाजू द्यावे. ठसका लागेल अशी भीती आयांना आणि नव्या परिचारिकांनाही वाटते, परंतु नीट लागलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे.

याला एक अपवाद लक्षात ठेवावा. दूध पाजण्याआधीची शुगर बघायची असेल, तर पाजता पाजता टोचून चालत नाही, कारण आकडाच बदलतो. अशा वेळी, आणि बाळ अजून चोखू शकत नसेल तेव्हाही, बाळाला उघड्या छातीवर घ्यावे. कांगारू पद्धत म्हणून आता सगळ्यांना माहीत झालेली ही रीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून, सुरू झाली. लंगोट आणि टोपडे एवढेच घातलेले बाळ आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, मान एका बाजूला वळवून ठेवावे आणि वरून पदर किंवा चादर घ्यावी. वेदनेवर उपयोग व्हायचा असेल, तर सुईच्या दहा-पंधरा मिनिटे आधीपासून बाळ असे छातीवर असायला हवे. टोचणाऱ्याने खाली बसून बाळाची टाच मागच्या बाजूने धरावी. कंबर थोडी दुखेल, पण रक्त व्यवस्थित मिळते.

सिझेरियन झालेली बाळंतीण पहिले एक-दोन दिवस दुसऱ्या वॉर्डात असते आणि मग ‘आई नाही, कोण धरणार?’ असा प्रश्न येतो. बाबांनी धरावे. आपल्याकडचे पुरुष आधी संकोचतात, शर्टाची बटणे काढताना इकडेतिकडे पाहतात, आणि एकदा बाळ छातीवर विसावले की उठायला तयार होत नाहीत. आज्जी किंवा मावशीनेही धरले तरी चालते. हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या आणि अंगात ताप-सर्दी नसलेली, एवढे पाहावे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी नवजात काळजी कक्षांत कुटुंबीयांना बाळाच्या शुश्रूषेत सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा ‘मला बाळाजवळ थांबू द्या’ असे म्हणणे ही कोणावर जबरदस्ती नव्हे. ते नम्रपणे, पण टोचण्याआधी म्हणावे.

बाळ छातीवरही घेता येत नसेल, व्हेंटिलेटरवर असेल किंवा नळ्यांनी वेढलेले असेल, तर दोन हातांनी त्याचे मुटकुळे धरावे. एक तळहात डोक्यावर टोपीसारखा अलगद ठेवावा. दुसऱ्या हाताने दोन्ही पाय गुडघ्यांत दुमडून पोटाकडे आणावेत आणि बाळाच्या मुठी त्याच्या तोंडाजवळ येतील असे करावे. गर्भात बाळ जसे असते, तसे. हात गरम असावेत आणि धरल्यावर थोपटू किंवा चोळू नये. कमी दिवसांच्या बाळाला स्थिर, न हलणारा हात हवा असतो. सुई निघाल्यावर हात एकदम काढू नयेत. बाळाचा श्वास पूर्वीसारखा होईपर्यंत तसेच धरून मग एकेक बोट सैल करावे.

येथे सोलापुरी टॉवेल फार कामाचा आहे. एका बाजूने लांबट गुंडाळी करून घोड्याच्या नालासारखी बाळाभोवती ठेवली, की पायांना टेकायला काठ मिळतो आणि हाताने धरलेली अवस्था नंतरही टिकते. विभागात याला आम्ही घरटे म्हणतो. हे घरटे मॉनिटर लावलेल्या बाळासाठीच आहे. घरी झोपवताना बाळाभोवती अशा गुंडाळ्या किंवा उशा ठेवू नयेत. दुपट्यात गुंडाळायचे असेल तर जुन्या सुती साडीचे मऊ दुपटे घ्यावे आणि कमरेखाली ते सैल ठेवावे, पाय ताणून बांधू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिसच्या वर गेलेला असताना बाळाला तीन-तीन पदरांत गुंडाळणे म्हणजे एक त्रास घालवून दुसरा लावण्यासारखे आहे. तेव्हा एक पातळ कापड आणि आपले हात पुरेसे होतात.

आईचा आवाजही उपयोगी पडतो, मात्र हळू आणि एकसुरी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक तेलुगूभाषक आज्जी नातवाच्या कानाशी इतके हळू काहीतरी गुणगुणत, की शेजारच्या पेटीपाशी ते ऐकूही येत नसे. आम्हा मंडळींचे जोरजोरात ‘अले अले, झालं झालं’ हे बहुधा आमच्याच समाधानासाठी असते.

गोड थेंब

आई नसेल किंवा एवढ्याने भागणार नसेल, तेव्हा गोड द्रावणाचा आधार घ्यावा. परदेशात २४ टक्के साखरेचे द्रावण तयार मिळते. आपल्याकडे बहुतेक विभागांत २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचे द्रावण, त्या जागी वापरले जाते. हे औषध आहे, खाऊ नव्हे, त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी सूचनेनेच ते द्यावे आणि केसपेपरवर वेळेसह लिहावे. पूर्ण दिवसांच्या बाळाला साधारण अर्धा ते एक मिली पुरते. कमी दिवसांच्या बाळाला त्याहून बरेच कमी, अगदी ०.१ मिलीपासून सुरुवात होते, आणि किती द्यायचे हे वजन व दिवस पाहून डॉक्टर ठरवतात. आतड्याचा गंभीर आजार असल्याची शंका असेल, बाळ अस्थिर असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर देऊ नये.

द्यायची रीत अशी आहे. एक मिलीच्या सिरिंजमध्ये द्रावण घेऊन सुई काढून टाकावी; शिरेत देण्याच्या औषधांपासून ही सिरिंज वेगळी ठेवावी आणि तिच्यावर ‘तोंडावाटे’ असे लिहावे. घड्याळ पाहावे. जिभेच्या टोकावर एक थेंब सोडावा आणि थांबावे. बाळ क्षणभर गोंधळल्यासारखे होते, मग जीभ बाहेर काढून ओठ चाटते, मुठी हळूहळू उघडतात आणि कपाळ सपाट होते. मग दुसरा थेंब. सगळे एकदम घशात ओतू नये. याच्या बरोबर चोखायला काही दिले तर परिणाम वाढतो. आपल्याकडे स्तनपानात अडथळा नको म्हणून चोखणी वापरत नाहीत. त्याऐवजी हातमोजा घातलेली करंगळी, नखाची बाजू जिभेकडे करून, टाळूला अलगद टेकवावी. दोन मिनिटे झाली की सुई टोचावी.

या दोन मिनिटांवरच सगळे अवलंबून आहे. थेंब दिले आणि लगेच टोचले, तर नुसते गोड लागते. थेंब दिले आणि शीर शोधण्यात दहा मिनिटे घालवली, तर तोवर परिणाम ओसरलेला असतो, कारण तो साधारण पाचेक मिनिटांचाच असतो; अशा वेळी ठरलेल्या मर्यादेत पुन्हा थोडे द्यावे. ही किमया चवीची आहे, पोटात गेलेल्या साखरेची नाही, म्हणून नाकातल्या नळीतून दिल्यास उपयोग होत नाही. आणखी एक बारकावा अनुभवाने कळलेला: थेंब देताना हातमोज्याला लागलेले डेक्स्ट्रोज टाचेला लागले, तर शुगर मोजणारे यंत्र, ग्लुकोमीटर, भलताच मोठा आकडा दाखवतो. गोड देणारा हात वेगळा आणि टोचणारा हात वेगळा ठेवावा.

हे वाचून घरी साखरपाणी करून चमच्याने पाजण्याचा मोह कोणी करू नये. रुग्णालयातला तो थेंब निर्जंतुक असतो, मोजका असतो आणि केवळ सुईच्या वेळचा असतो. सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. मधातून क्वचित असे जंतू येतात की ज्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून एक वर्षापर्यंत मध नकोच, वेदनेसाठीही नको आणि शकुनासाठीही नको.

सुई कमी, आणि नीट

वेदना टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सुई न टोचणे. सकाळी कावीळ, दुपारी शुगर, संध्याकाळी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, असे तीनदा टोचण्यापेक्षा सकाळच्याच रक्तात काय काय भागेल, हे राउंडच्या वेळी विचारावे. त्वचेला टेकवून कावीळ मोजणारे यंत्र असेल तर ते वापरावे. बाळ काविळीच्या उपचारासाठी लाईटखाली असेल तर मात्र त्या यंत्राचा आकडा भरवशाचा राहत नाही आणि रक्तच काढावे लागते. एकाच वेळी उरकायचे म्हणून नळी बदलणे, चिकटा ओढणे आणि टाच टोचणे लागोपाठ करणे, हे मात्र काटकसरीत बसत नाही. बाळाला मध्ये सावरायला वेळ द्यावा.

पूर्ण दिवसांच्या बाळाचे रक्त जास्त प्रमाणात हवे असेल, तर सरावलेल्या हाताने शिरेतून घेतलेले रक्त टाचेपेक्षा कमी दुखते. टाच दाबून पिळावी लागते आणि खरा त्रास त्या पिळण्याचा असतो. टाचच टोचायची असेल, तर तळव्याच्या मधोमध न टोचता टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचावी, आणि इंजेक्शनची उघडी सुई खुपसण्याऐवजी कळ दाबल्यावर ठरावीक खोलीपर्यंतच जाणारे स्वयंचलित लॅन्सेट वापरावे. ते थोडे महाग पडते, पण पुन्हा पुन्हा टोचावे लागत नाही. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटवरून गेलेली सुई जास्त झोंबते.

सलाईनच्या बाबतीत माझा स्वतःचा नियम आहे. दोन प्रयत्न माझे, तिसरा दुसऱ्याचा. त्या पाच टोचण्यांनंतर हा नियम मी केला आणि आता नव्या मुलींनाही तोच सांगते. यात कमीपणा काही नाही.

चिकटपट्टीकडे कोणी लक्ष देत नाही. पण कमी दिवसांच्या बाळाची कातडी जवळजवळ कागदासारखी असते आणि झटक्यात ओढलेल्या पट्टीबरोबर तिचा वरचा थर निघून येतो. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पट्टीच्या कडेवर धरावा, कड सुटली की पट्टी वर न ओढता कातडीला समांतर, मागे दुमडत न्यावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मागची कातडी दाबून धरावी. मुळात पट्टी लावतानाच ती छोटी कापलेली असेल, तर हे सगळे करायला सोपे जाते.

जिथे थेंबांनी भागत नाही

आतापर्यंतचे उपाय टाच, शीर, लस आणि नळी अशा थोडा वेळ चालणाऱ्या गोष्टींसाठी आहेत. ‘पाठीतलं पाणी काढायचं आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांचा जीव खाली-वर होतो. लुळेपणा येईल ही भीती बहुतेकांच्या मनात असते. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घातली जाते, त्यामुळे ती भीती सोडून द्यावी आणि त्याऐवजी ‘जागा बधिर करणार का?’ हा प्रश्न विचारावा. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचे मलम लावून वर पारदर्शक पट्टी ठेवली, की साधारण तासाभरात कातडी बधिर होते. म्हणजे ठरल्या वेळेच्या तासभर आधी ते लावलेले असायला हवे. नवजात बाळाला ते अगदी थोड्या जागेवर आणि मोजूनच लावावे लागते, कारण जास्त झाल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते. टाच टोचण्याआधी हे मलम लावून काही उपयोग होत नाही. पाणी काढताना बाळाला धरणाऱ्याने पाठ वाकवावी, मान दुमडू नये. मान दुमडली की श्वास अडतो.

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे डोळे जन्मानंतर महिन्याभराच्या आत तपासावे लागतात; त्यांहूनही लहान बाळांचे त्याआधी. पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा लावला जात असल्याने ही तपासणी बाळाला फार जड जाते. डोळ्यांत बधिर करणारे थेंब, दुपट्यात गुंडाळणे, गोड थेंब आणि कोणीतरी हाताने धरून ठेवणे, हे चारही येथे एकत्र लागतात. उलटी होऊ नये म्हणून तपासणीच्या लगेच आधी दूध पाजू नये.

छातीत नळी घालणे, तातडीचे नसताना श्वासनलिकेत नळी टाकणे किंवा सुंता करणे यांना औषधच लागते. जागा बधिर करणारे इंजेक्शन किंवा फेंटॅनिलसारखे शिरेतले वेदनाशामक, आणि ते देताना श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. येथे साखरेवर भागवणे म्हणजे बाळाची फसवणूक आहे. झोपेचे औषध आणि वेदनाशामक यांतही गल्लत होते. मिडॅझोलाम किंवा ट्रायक्लोफॉस दिल्यावर बाळ शांत पडते, पण त्याचे दुखणे त्यामुळे कमी होत नाही. ते सांगण्याची त्याची ताकद तेवढी जाते. पॅरासिटामॉल शस्त्रक्रियेनंतर कामाला येते, सुईच्या टोचण्यावर मात्र त्याचा गुण येत नाही.

घरी जाताना आणि दीड महिन्याने

जन्मल्यावर लगेच व्हिटॅमिन के, पहिल्या २४ तासांत हिपॅटायटिस बी आणि डाव्या दंडावर बीसीजी अशा तीन सुया बाळाला मिळतात. यांतल्या मांडीतल्या दोन्ही आई पाजत असताना सहज देता येतात. पुढे बारशाच्या आसपास काही घरांत कान टोचतात. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण ठीक आहे, पण सोनार असो वा डॉक्टर, बाळ आईच्या कुशीत, पाजलेले आणि घट्ट धरलेले असावे, सुई निर्जंतुक असावी, आणि दोन्ही कानांच्या मध्ये बाळाला शांत व्हायला वेळ द्यावा.

दीड महिन्याच्या लसीकरणाला गर्दी असते. पोलिओ व रोटाव्हायरसचे तोंडावाटेचे डोस आधी घ्यावेत, सुया नंतर. आणि दोन मांड्यांतल्या दोन सुयांपैकी जी जास्त झोंबते, बहुधा न्युमोनियाची, ती शेवटी द्यायला सांगावे. मांडीत लस देताना सुई आत गेल्यावर रक्त येते का हे पाहण्यासाठी दट्ट्या मागे ओढण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितले आहे. त्यात सुई जास्त वेळ आत राहते आणि दुखते. ताप येईल म्हणून आधीच पॅरासिटामॉल देऊ नये. नंतर ताप आला तर सिस्टरनी सांगितलेल्या मात्रेने द्यावे.

रांगेत आपला नंबर तिसरा असतानाच बाकड्याच्या कडेला बसून, पदर घेऊन बाळाला पाजायला सुरुवात करावी आणि एक मांडी मोकळी ठेवावी. नाव पुकारले गेले आणि बाळ नुकतेच तोंडाला लागले असेल, तर उठू नये. ‘सिस्टर, पाच मिनिटं थांबा, आत्ताच प्यायला लागलंय,’ असे म्हणावे आणि तोवर मागच्या बाईला पुढे जाऊ द्यावे.